रायफल की पिस्तूल? चाळिशीत नेमबाजी सुरू करताना

प्रश्न नाशिकच्या एका बँक कर्मचाऱ्याचा आहे. वय ४२, चष्मा आहे, मुलगी १३ वर्षांची. नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं पदक पाहिल्यापासून बापलेकीला नेमबाजीचं वेड लागलंय. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी काढता येतात. त्यांना जाणून घ्यायचंय की रायफल घ्यावी की पिस्तूल, कुठलं मॉडेल घ्यावं, दीड-दोन लाखांत भागेल का, आणि पुढेमागे 'खरं' रिव्हॉल्व्हर घ्यायचं झालं तर परवान्याचं काय.

आधी सरळ उत्तर देतो. निदान सहा महिने काहीही विकत घेऊ नका, रेंजवरचंच हत्यार वापरा. तुम्ही एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, धरा. मुलीला रायफल आणि पिस्तूल दोन्ही महिना-दीड महिना हाताळू द्या आणि मग तिचं तिलाच ठरवू द्या. रिव्हॉल्व्हर या छंदाच्या हिशेबात धरूच नका. का, ते आता सांगतो.

स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ ला कांस्यपदक घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये. गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, काडतुसांच्या पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफलने. अंतिम फेरीतला त्याचा स्कोअर ४५१.४. हा प्रकार बघायला फार देखणा आहे, पण छंदाची सुरुवात तिथून करता येत नाही. त्या रायफलला परवाना लागतो, काडतुसं मोजून मिळतात आणि ५० मीटरची रेंज लागते. वरळी, बालेवाडी अशी ठिकाणं सोडली तर महाराष्ट्रात ती शोधावी लागते. १० मीटर एअरची रेंज मात्र आता बहुतेक मोठ्या शहरांत आहे. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, नाहीतर मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरही चालते. इथले बहुतेक नेमबाज तिथूनच पुढे गेलेत. तेव्हा तुमचा प्रश्न तूर्त एवढाच उरतो की १० मीटरवर दोन हातांनी धरायचं की एका हाताने.

रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं, म्हणजे सर्वांत आतलं, वर्तुळ हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेलेट, म्हणजे एअर हत्यारातली शिशाची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड ठिपक्याला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडायला हवा. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, त्यामुळे तिथे आठ मिलिमीटरपर्यंत सूट. आकडे ऐकून पिस्तूल सोपं वाटतं. रेंजवर नेमकं उलटं होतं. चांगल्या कोचच्या हाताखाली नवा रायफलवाला दोन-तीन महिन्यांत नऊ-दहा मारायला लागतो. त्याच मुदतीत पिस्तूलवाला एक दहा, एक सात, एक पाच असं करत कपाळाला हात लावून बसलेला असतो.

याचं कारण गणितात आहे. पिस्तुलावर नेम धरायला पुढे एक उभी पट्टी आणि मागे एक खाच असते, त्या दोन साइट. त्यांच्यातलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेत पाव मिलिमीटर जरी एका बाजूला सरकली, तरी १० मीटरवर पेलेट साडेसात मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाच्या अगदी काठावर. अर्धा मिलिमीटर सरकली की पंधरा मिलिमीटर, सरळ नऊ. उलट दोन्ही साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि सगळा हातच पाच मिलिमीटर वर-खाली डुलतोय, तर पेलेटही पाचच मिलिमीटर हलतो. तो अजून दहातच आहे! म्हणून पिस्तुलाचा कुठलाही कोच पहिल्या दिवसापासून एकच घोशा लावतो: टार्गेटकडे बघू नका, फ्रंट साइटकडे बघा. काळं वर्तुळ धूसर दिसलं पाहिजे, फ्रंट साइटची वरची कड मात्र धारदार. नेमही काळ्याच्या मध्यावर धरत नाहीत, त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात. काळ्यावर काळी साइट दिसणार कशी?

पॅरिसच्या त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच खिशात हात घालून उभा राहिला आणि जगभर त्याचे फोटो फिरले. लोकांना तो बेफिकीर वाटला. अहो, पिस्तूलवाले तसेच उभे राहतात. मोकळा हात लोंबकळत राहिला तर हलतो आणि खांदाही हलवतो, म्हणून तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून टाकायचा. त्या फोटोत लक्षात ठेवण्यासारखं वेगळंच आहे. दिकेच तेव्हा ५१ वर्षांचा होता आणि मिश्र दुहेरीचं रौप्यपदक घेऊन गेला. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला रायफलच्या प्रोन (पोटावर झोपून) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं आणि पुढे टोकियो ऑलिंपिकला उतरली ती चाळिशीत. तेव्हा 'या वयात जमेल का' ही शंका मनातून काढून टाका. जमतं.

वयाचा खरा त्रास डोळ्यांना होतो. चाळिशीचा चष्मा लागला की फ्रंट साइट, जी डोळ्यापासून हातभर अंतरावर असते, ती धूसर व्हायला लागते. रायफलला मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट असते. त्या छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, म्हणून चष्मेवाल्यांना रायफल दयाळू आहे. पिस्तुलाला ती सोय नाही. तिथे नेमबाजीसाठी वेगळा चष्मा करून घ्यावा लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून न्या आणि 'या अंतरावरचं धारदार दिसायला हवं' असं सांगा. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून पिस्तूल मारू नका. मान जराशी वर-खाली झाली की नंबर बदलतो आणि साइट येते-जाते.

त्याच वेळी एक घरगुती चाचणीही उरकून घ्या. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, भिंतीवरचं घड्याळ त्यातून दोन्ही डोळ्यांनी पाहा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत टिकून राहतं तो तुमचा मुख्य डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर पिस्तुलात फारसं अडत नाही, मान किंचित वळवून भागतं. रायफलीत मात्र मोठी अडचण होते. एक तर उजव्या डोळ्यापुढे साइट आणि डाव्यापुढे पट्टी, नाहीतर रायफलच डाव्या खांद्याला लावायला शिकायची. तेरा वर्षांच्या मुलीला डाव्या खांद्याची सवय महिन्याभरात लागते. तुम्हाला लागायला वेळ लागेल.

मग डोळ्यांना रायफल सोपी असताना तुम्हाला पिस्तूल का सुचवतोय? कपड्यांमुळे. रायफल म्हणजे नुसती रायफल नव्हे. तिच्याबरोबर कॅनव्हासचं ताठ जॅकेट, तशीच पँट, सपाट तळाचे बूट, हातमोजा, स्टँड असं सगळं लटांबर येतं. हे चढवायला-उतरवायला पंधरा-वीस मिनिटं जातात. नाशिकच्या एप्रिलमध्ये बिनएसीच्या हॉलमध्ये त्या जॅकेटात तासभर उभं राहून बघा, मग कळेल. देशी कपड्यांचा संचही पाच आकड्यांत जातो आणि तो अंगाबरोबर बसायला लागतो. तुमचं पोट दोन इंच वाढलं किंवा कमी झालं की बटणं सरकवा. मुलीचं तर वाढतं वय, आज शिवलेलं जॅकेट वर्ष-दीड वर्षात दंडाला तंग होणार. ती रायफलकडे वळली तर पहिलं जॅकेट जुनं घ्या. क्लबमधल्या मोठ्या मुलींची कपाटात पडून असतात. बँकेतून साडेसहाला सुटून सातला रेंजवर पोचणाऱ्या माणसाला पिस्तूल परवडतं. डबा उघडला, नळीतली सेफ्टी फ्लॅगची दोरी काढली, उभं राहिलं.

मुलीने रायफल करून बघावीच, यासाठी मी आग्रह धरेन. रायफल उभं राहायला शिकवते. साडेचार-पाच किलोचं हत्यार स्नायूंनी पेललं तर पाच मिनिटांत खांदा थरथरतो, ते हाडांवर ठेवायचं असतं. कंबर टार्गेटच्या दिशेने किंचित पुढे काढायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, त्या कोपरावर हात, हातावर रायफल. दंडात जोर उरता कामा नये. हे बसलं की कोच म्हणतील, डोळे मिट, दोन श्वास घे, आता उघड. रायफल आपल्या टार्गेटवर नसून शेजारच्या लेनकडे बघत असेल तर हाताने ओढून आणायची नाही, पाऊल सरकवायचं. हाताने ओढून आणलेली रायफल शॉट सुटताना मूळ जागी परत जाते. हे एकदा अंगवळणी पडलं की गुण आपोआप वाढायला लागतात आणि मुलं खूश होतात. पिस्तुलात तेवढी लवकर शाबासकी मिळत नाही.

आता ट्रिगरकडे येतो, कारण तुमचे निम्मे महिने त्यातच जाणार आहेत. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. स्पर्धेआधी ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उचलतात आणि खटका सुटला तर तुम्हाला परत पाठवतात. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला मऊ, तो आधीच घ्यायचा. दुसऱ्यावर बोट थांबतं. तिथून पुढचा दाब सरळ मागे आणि हळूहळू वाढत जायला हवा. नवशिक्या काय करतो? फ्रंट साइट डुलत डुलत नेमक्या जागी येते आणि तो मनात 'आत्ता!' म्हणतो. त्या 'आत्ता'बरोबर सगळा पंजा आवळला जातो. उजव्या हाताच्या माणसाचा असा शॉट घड्याळात सात वाजतात त्या बाजूला, खाली-डावीकडे जातो. तुमच्या टार्गेटच्या कागदावर तिथे भोकांचा गुच्छ दिसला तर साइटचे स्क्रू फिरवू नका. साइट बरोबर आहे. हात डुलणारच, जगज्जेत्याचाही डुलतो. तो डुलत असतानाच दाब वाढवत राहायचं. आणि उचलल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली. ही हात खाली आणायची सवय ज्याला लागली त्याचे सहा आणि पाच बंद होतात. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, घाई कसली?

हत्यार घरी नसलं तरी घरी काम करता येतं. लिटरभर पाण्याची बाटली साधारण पिस्तुलाच्याच वजनाची असते. ती हात ताठ ठेवून दहा-बारा सेकंद धरायची, अर्धा-पाऊण मिनिट विसावा, पुन्हा. रोज दहा मिनिटं पुरे. पुढे स्वतःचं पिस्तूल आलं की पांढऱ्या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, नुसती साइट बघत, पेलेट न भरता कोरा ट्रिगर दाबायचा. मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलांना त्यासाठी वेगळी सोय असते. त्या खोलीत पेलेटची डबीच ठेवायची नाही. तुमच्याच नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर, नेमबाजांना योगाच्या अंगाने एकाग्रता शिकवत. त्यांच्या शहरात राहून श्वासाचं महत्त्व मी वेगळं काय सांगू.

खरेदीबद्दल. दुकानात पाच-दहा हजारांत स्प्रिंगची एअरगन मिळते आणि सगळ्या उत्साही बापांना तीच आधी भुरळ घालते. घेऊ नका. स्प्रिंगच्या बंदुकीत ट्रिगर दाबल्यावर आधी जड पिस्टन धावतो, बंदूक हिसका खाते आणि मग पेलेट नळीबाहेर पडतो. हातात धरण्यात जरा फरक झाला की पेलेटची जागा बदलते. नवशिक्याला चूक आपली की बंदुकीची, हेच कळत नाही. शिकायला भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारंच हत्यार हवं. देशी बनावटीत प्रिसीहोलसारख्यांची अशी हत्यारं मिळतात आणि पहिल्या दोन वर्षांना ती पुरेशी आहेत. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, स्टायर, पार्दिनी, मोरिनी ही आयात केलेली नावं. यातलं नवं पिस्तूल तुमच्या बजेटमध्ये कसंबसं बसेल, नवी रायफल बहुधा बसणार नाही.

जुनं घेत असाल तर नळी आणि रंग बघण्याआधी सिलिंडर बघा. त्यावर तारीख कोरलेली असते. २०० बारच्या दाबाने हवा साठवणाऱ्या त्या नळकांड्याचं आयुष्य उत्पादक साधारण दहा वर्षं धरतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सुरक्षितही नसतं. 'साहेब, मस्त चालतंय की' म्हणणारा विक्रेता भेटला तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करून भाव करा. मग ग्रिप. पिस्तुलाची लाकडी ग्रिप लहान-मध्यम-मोठी अशी मापात येते आणि कुणालाच तशीच्या तशी बसत नाही. डोळे मिटून पिस्तूल उचला, डोळे उघडा. फ्रंट साइट खाचेच्या मध्यावर दिसली तर ग्रिप तुमची. दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर कानस, सँडपेपर आणि लाकडाची पुट्टी यांची कामं निघतात. ग्रिप न बसणारं दोन लाखांचं पिस्तूल घेण्यापेक्षा, बसणारं जुनं घ्यावं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा मोह टाळा. तो गुळगुळीत असतो हे खरं, पण बिघडला तर तुम्ही रेंजवर उभे आणि दुरुस्ती करणारा भलत्याच शहरात. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या ऐन मध्यात बिघडलं आणि तिची मोलाची मिनिटं गेली, तेही सगळा ताफा हाताशी असताना.

पेलेट चपट्या तोंडाचेच घ्या, कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं. डब्यांवर ४.४९, ४.५० असे आकडे असतात, ते पेलेटच्या डोक्याचं माप. सुरुवातीला त्यात डोकं घालू नका. पेलेट शिशाचे असतात. ते तोंडात धरायचे नाहीत, लेनवर वडापाव खायचा नाही, निघताना साबणाने हात धुवायचे. मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीचं आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेलं एअर हत्यार परवान्याशिवाय घेता येतं. मॅच रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास, म्हणजे फारच आत. ओळखपत्राची प्रत आणि पावती जपून ठेवा, प्रवासात हत्यार कुलूपबंद पेटीत न्या. परवाना लागत नाही म्हणून गच्चीवर सुरू होऊ नका. सोसायटीतलं पोर कुठून डोकावेल सांगता येत नाही. माकडं-पाखरं हाकलण्यासाठी वापरलंत तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच.

रिव्हॉल्व्हरबद्दल तुम्ही भीतभीतच विचारलंय असं वाटलं. शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस पडताळणी, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि परवाना का हवा याचं पटणारं कारण. मिळालाच तर आचारसंहिता लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. हे सगळं करून हातात येतं ते बहुधा सरकारी कारखान्याचं पॉइंट थ्री टू, आखूड नळीचं. ते टार्गेटवर मारायला बनवलेलंच नाही. घरात तेरा वर्षांचं मूल असताना कपाटात तसं हत्यार नसलेलं बरं, हे माझं स्पष्ट मत. पुढे खरोखर काडतुसांचा खेळ खेळावासा वाटला तर पॉइंट टू टूचं स्पोर्ट पिस्तूल आहे, २५ मीटरवर. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण त्याच प्रकारात घेतलं. पण तिथली वाट क्लबच्या सदस्यत्वातून आणि स्पर्धांच्या निकालातून जाते. जिल्हा, राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता.

क्लब निवडताना पहिल्या भेटीत एकच गोष्ट तपासा. लेनवर ठेवलेल्या प्रत्येक हत्याराच्या नळीतून रंगीत दोरी बाहेर आलेली दिसते का? ती सेफ्टी फ्लॅग. ती आरपार असेल तर नळीत पेलेट नाही हे लांबूनही दिसतं. आणि कुणी टार्गेट बदलायला पुढे गेलं असताना मागचा एखादा जण हत्याराला हात लावतोय आणि कोच फोनवर बोलतायत, असं दिसलं तर फी कितीही कमी असू दे, मुलीला घेऊन दुसरा क्लब बघा.